उडी मारायची ती कानानं

व्हिडिओ गेमचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा दोनच वाटांनी जाते. मुलांचे डोळे बिघडतात, ही एक. अभ्यास बुडतो, ही दुसरी. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पण गेमचा एक प्रकार असा आहे की त्याच्याबद्दल बोलताना डोळ्यांआधी कानांबद्दल बोलायला हवं. त्यात गाणं वाजत असतं, एक चौकोन किंवा एखादा छोटा प्राणी आपणहून पुढे धावत असतो आणि खेळणाऱ्यानं ठेका धरून उडी मारायची असते. ठेका चुकला की आपटायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

ज्यांनी १९९० च्या दशकात सातारा-सांगलीकडे भाड्यानं आणलेला व्हिडिओ गेम टीव्हीला जोडून त्यात कॅसेट खुपसली असेल, त्यांना उड्या मारत पुढे जायचा गेम सांगावा लागणार नाही. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’सारख्या या प्रकाराला प्लॅटफॉर्मर म्हणतात. खड्डा आला, उडी मारा; कासव आलं, त्याच्या डोक्यावर उडी मारा. मारिओतही गाणं होतं, पण ते पाठीमागे वाजायचं, आणि टीव्हीचा आवाज बंद केला तरी खेळ तसाच चालायचा. तालावरच्या प्लॅटफॉर्मरमध्ये ही जागा उलटते, निदान उलटावी अशी अपेक्षा असते. ती खरंच उलटते का, त्यातून खेळणाऱ्याचा कान तयार होतो का, आणि हलगी-लेझमीच्या आवाजात वाढलेल्या आपल्या भागातल्या मुलांना या खेळांतून काही मिळण्यासारखं आहे का, हे या लेखात तपासायचं आहे.

या प्रकाराची मुळं जपानमध्ये आहेत. मासाया मात्सुउरा हे मूळचे संगीतकार. त्यांच्या नानाऑन-शा या कंपनीनं १९९६ मध्ये ‘पाराप्पा द रॅपर’ काढला. त्यात समोरच्यानं एक ओळ म्हणायची आणि खेळणाऱ्यानं बटणं दाबून ती तालात परत म्हणायची, असा सवाल-जवाब होता. उड्या नव्हत्या. त्या आल्या १९९९ च्या ‘व्हिब-रिबन’मध्ये, आणि या सबंध इतिहासातला मला सर्वांत धाडसी वाटणारा गेम अजून तोच आहे. काळ्या पडद्यावर एक पांढरी थरथरती रेघ, तिच्यावर रेघांनीच काढलेला एक ससा चालतोय. अडथळे चारच प्रकारचे, प्रत्येकाचं बटण वेगळं. दोन अडथळे एकात मिसळून आले की दोन बटणं एकदम दाबायची. चुकत राहिलं की सशाचा बेडूक होतो, बेडकाची अळी होते. अचूक खेळत राहिलं की पुन्हा ससा.

खरी गंमत पुढे आहे. गेम मशीनच्या मेमरीत पूर्ण भरला जायचा, त्यामुळे त्याची सीडी बाहेर काढून तिथं स्वतःच्या गाण्यांची कुठलीही सीडी घालता यायची. मग मशीन त्या गाण्यावरून स्वतःच अडथळ्यांची वाट तयार करायचं. गाणं संथ असलं तर वाट मोकळी, गाणं गजबजलेलं असलं तर पावलोपावली अडथळे. म्हणजे भीमसेन जोशींची सीडी घातली असती तर त्यांच्या ख्यालावर ससा चालला असता! मर्यादाही त्यातच होती. मशीनला आवाजातले चढउतार कळायचे, सम कळत नव्हती. अडथळा नेमका ठोक्यावर पडेलच असा भरवसा नव्हता. ताल ओळखणं आणि आवाज मोजणं यांत किती अंतर आहे, ते या गेमनं पंचवीस वर्षांपूर्वी दाखवून दिलं.

त्यानंतरच्या बहुतेकांनी मशीनवर न विसंबता अडथळे माणसाच्या हातानं, गाणं ऐकत ऐकत मांडायला सुरुवात केली. २००९ चा ‘द इम्पॉसिबल गेम’ म्हणजे एक चौकोन, काही त्रिकोणी काटे आणि एक गाणं. त्याहून अधिक काही नाही. २०१० मध्ये ‘बिट.ट्रिप रनर’ आला. त्याचा नायक आपणहून धावतो; उडी, घसरण, लाथ, प्रत्येक हालचालीला एक सूर ठरलेला. अडथळा बरोबर पार केला की तो सूर गाण्यात जाऊन बसतो. वाटेतल्या खुणा गोळा केल्या की गाण्यात एकेक वाद्य वाढत जातं. शेवटपर्यंत पोचलेल्याला भरगच्च गाणं ऐकायला मिळतं आणि धडपडणाऱ्याला अर्धंमुर्धं. २०१२ च्या ‘साउंड शेप्स’मध्ये वाटेवरचं नाणं उचललं की ते नाणंच गाण्यातला एक सूर होऊन वाजू लागतं. २०१३ च्या ‘१४०’ या गेमचं नाव त्याच्या लयीवरून आहे: मिनिटाला १४० ठोके. त्यातल्या पायऱ्या ठोक्यावर दिसतात, ठोक्यावर सरकतात आणि ठोक्यावर नाहीशा होतात. तो जेपे कार्लसननं केला. ‘लिंबो’ या गाजलेल्या गेमची रचनाही त्याचीच.

आणि मग २०१३ च्या ऑगस्टमध्ये रॉबर्ट टोपाला या स्वीडिश तरुणानं एकट्यानं केलेला ‘जॉमेट्री डॅश’ फोनवर आला. आधीच्या बहुतेक गेमना त्यांचं मशीन लागायचं आणि ती मशीनं आपल्याकडे मोजक्याच घरांत पोचली. हा मात्र साध्या फोनवर चालणारा, ‘लाइट’ आवृत्ती फुकट, सुरू व्हायला इंटरनेटचीही गरज नाही. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि गावोगावी घराघरांत स्मार्टफोन आले, त्यांच्याबरोबर हा चौकोनही आला. आपल्या भागातल्या मुलांना तालावरचा प्लॅटफॉर्मर माहीत असेल, तर बहुतेक तो हाच.

तो कसा खेळतात ते नीट पाहण्यासारखं आहे. पडद्यावर बोट टेकवलं की चौकोन उडी मारतो, बोट दाबून धरलं तर एकामागून एक मारत राहतो. दुसरं बटण नाही. वेग खेळणाऱ्याच्या हाती नाही, थांबण्याची सोय नाही. मध्येच एक दार लागतं आणि चौकोनाचं विमान होतं, दुसऱ्या दारानंतर चेंडू होतो, आणि त्याच एका बोटाचा अर्थ बदलतो. काट्याला टेकलं की फुटलं. लेव्हल पहिल्यापासून आणि गाणंही पहिल्यापासून. हा कितवा प्रयत्न आहे तो आकडा पडद्यावर येतो. ‘स्टिरिओ मॅडनेस’ या पहिल्या लेव्हलची सुरुवातीची काही सेकंदं म्हणूनच लाखो मुलांना एखाद्या आरतीसारखी पाठ असतात.

माझ्या नात्यातला एक मुलगा वाळवा तालुक्यातल्या शाळेत लेझीम पथकात हलगी वाजवतो. त्याला हा गेम खेळताना मी जवळून पाहिलंय. त्याचा अंगठा काचेपासून जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा वर असतो, टाच जमिनीवर ठेका देत असते आणि नजर चौकोनावर नसतेच. ती पुढे, जिथून अडथळे येतात तिकडे. एकदा चौकोन फुटला, गाणं तुटलं, तरी त्याची टाच आणखी दोन ठोके चालूच राहिली. ताल खेळात होता की त्याच्यात होता, असा प्रश्न मला तिथंच पडला.

या गेमवरचा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे: हा तालाचा खेळ नाहीच, ही निव्वळ घोकंपट्टी आहे. शंभरदा आपटून बोटाला जागा पाठ होतात, त्यात कानाचं काम काय? आक्षेपात तथ्य आहे आणि खुद्द गेमनंच ते दिलंय. सरावासाठी त्यात वेगळी सोय आहे. मध्ये मध्ये खुणा ठेवायच्या आणि आपटल्यावर शेवटच्या खुणेपासून पुढे जायचं. पण मूळ गेममध्ये या सरावात लेव्हलचं गाणं वाजतच नसे. त्याच्या जागी भलतंच संथ संगीत लागायचं. ज्या गाण्यावर उड्या बसवायच्या तेच सरावातून काढून घेतलं, तर मूल डोळ्यांनीच शिकणार. तालाच्या खेळाची ही चूक मला गंभीर वाटते. शिवाय लोकांनी तयार केलेल्या हजारो लेव्हलमध्ये अशा पुष्कळ आहेत की गाण्याच्या ठोक्याला दिवे उजळतात, रंग बदलतात, पण उडीची जागा ठोक्यावर नसते. तिथं ताल ही नुसती रोषणाई.

म्हणून मी एक साधी कसोटी लावतो: आवाज पूर्ण बंद करून तीच लेव्हल खेळायची. खेळ पूर्वीइतकाच जमला तर तो डोळ्यांचा खेळ. कोलमडला तर कानाचा. या कसोटीवर ‘जॉमेट्री डॅश’ मध्ये कुठंतरी बसतो. नवख्याला गाण्याचा आधार लागतो, मुरलेला खेळाडू मुक्यानंही लेव्हल काढतो. ‘१४०’ आवाजाविना अवघड होतो, पण पायऱ्या डोळ्यांना दिसत असल्यानं अशक्य होत नाही. ‘बिट.ट्रिप रनर’ आवाज गेल्यावर खेळता येतो, फक्त त्यात काही उरत नाही.

कसोटीला पूर्ण उतरतो तो २०१३ चाच ‘रेमन लेजंड्स’. हा सबंध गेम तालाचा नाही. प्रत्येक प्रदेशाच्या शेवटी एक संगीताची लेव्हल येते आणि तिथं धावणं, उड्या, ठोसे सगळं गाण्यावर बसवलेलं असतं. पहिल्या खेपेला ते नुसतं देखणं वाटतं. पण गेमच्या शेवटाकडे याच लेव्हल पुन्हा येतात आणि या वेळी चित्र मुद्दाम बिघडवलेलं असतं. पडद्यावर मोठमोठे ठोकळे उमटतात, चित्र फुगतं, उलटंही होतं. समोर खड्डा आहे की भिंत, कळत नाही. अशा वेळी आधी ऐकलेलं गाणं आठवून, ठोक्यावर विश्वास टाकून उडी मारावी लागते, आणि ती बरोबर पडते! कानावर विसंबून अंधारात पाय टाकायला लावणारा दुसरा प्लॅटफॉर्मर मी पाहिलेला नाही. तालावरचा गेम कसा असावा, याचं उत्तर मला त्या शेवटच्या लेव्हलमध्ये मिळतं.

आता आपल्याकडे वळू. तालावर शरीर चालवणं ही सातारा-सांगलीला कोणी बाहेरून शिकवण्याची गोष्ट नाही. लाकडी दांडा, लोखंडी साखळी आणि तिच्यातल्या चकत्या एवढीच लेझीम; पण हलगी, घुमकं आणि कैताळ सुरू झालं की पन्नास जणांची पावलं एकाच ठोक्यावर पडतात. पावलाचा प्रकार बदलायचा इशारा हलगीतून येतो. पुढच्याकडे पाहून बदलणारा नेहमी अर्धा ठोका मागे राहतो, ऐकून बदलणारा जागेवर असतो. रेमनच्या शेवटच्या लेव्हलमध्ये लागतं ते कौशल्य हेच. सांगलीत २६ जानेवारी २०१४ रोजी सात हजारांहून अधिक जण एकत्र लेझीम खेळले आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. एवढ्या पसाऱ्यात शेवटच्या रांगेतल्याला पुढचं काही दिसत नाही, ऐकूनच खेळावं लागतं. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण या दुष्काळी पट्ट्यात धनगरी गजी नृत्य आहे. ढोलाच्या बदलत्या चालीवर रिंगणाची दिशा आणि झोक बदलतो. नागपंचमीला, गौरीला बायका फेर धरतात, झिम्मा-फुगडी खेळतात. त्यातही टाळी, गिरकी आणि उडी ठेक्यावरच.

आणि मिरज. सतारी-तंबोऱ्यांसाठी मिरजेचं नाव देशभर आहेच, पण आपल्या विषयाला जवळचं आहे ते अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ. त्याच्या परीक्षांचा कारभार मिरजेतून चालत आला आहे. या परीक्षांना बसणाऱ्या लहान मुलांनाही ताल हातावर देऊन दाखवावा लागतो: टाळी कुठं, खाली कुठं, मग तोच ताल दुगुनीत. तबल्याला हात न लावता नुसत्या हातानं काळ मोजायला शिकवणारी ही पद्धत आहे. हातावर झपताल देता येणारं मूल आणि ‘जॉमेट्री डॅश’ खेळणारं मूल एकाच घरात, पुष्कळदा एकाच शरीरात राहतं. पण आपल्या क्लासमध्ये किंवा घरात या दोघांची गाठ कोणी घालून देत नाही.

गाठ पडली तर काय दिसेल? एक म्हणजे, या गेममधली गाणी जवळपास सगळी चार-चार ठोक्यांची. केहरव्याची सवय असलेल्या कानाला ती लगेच सरावाची होतात आणि पुढे शिकण्यासारखं फारसं उरत नाही. रूपकाच्या सात मात्रा, तीन-दोन-दोन अशा, आणि त्यातही समेवरच खाली. झपतालाच्या दहा, दोन-तीन-दोन-तीन अशा. या चालीवर काटे मांडले तर उड्यांमधलं अंतर सतत असमान होईल, आणि ते डोळ्यांनी मोजणं कठीण पण ठेका तोंडात असेल तर सोपं. घोकंपट्टीचा आक्षेप निम्मा तरी तिथं गळून पडेल. असा गेम आपल्याकडे कोणी केलेला माझ्या पाहण्यात नाही. मराठी मुलखात गेम होत नाहीत असं मात्र नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी’ काढला आणि तो जगभर खेळला गेला.

पालकांसाठी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. पहिली ब्लूटूथची. साध्या ब्लूटूथ इअरफोनमध्ये आवाज एक-दोन दशांश सेकंद, कधी त्याहूनही उशिरा पोचतो. सिनेमा बघताना हे जाणवत नाही, कारण फोन चित्रही तेवढंच मागे ठेवतो. गेमला तसं करता येत नाही. बोट टेकल्याक्षणी उडी पडायला हवी. मिनिटाला १४० ठोके म्हणजे दोन ठोक्यांमध्ये ०.४३ सेकंद. त्यात आवाज ०.२ सेकंद उशिरा आला, तर मूल जवळजवळ अर्धी मात्रा मागचा ठोका ऐकत खेळतं. असं मूल काही दिवसांत कानावर विश्वास ठेवायचं सोडून देतं, आणि ज्यासाठी हा गेम हातात द्यायचा तेच हुकतं. साधा वायरचा इअरफोन द्या, नाहीतर फोनचाच स्पीकर चालू ठेवा.

दुसरी गोष्ट पैशांची. ऑनलाइन रमी आणि पैसे लावायचे खेळ यांनी आपल्या भागातली घरं पोळली आहेत. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केंद्रानं ऑगस्ट २०२५ मध्ये केला तो त्यामुळेच. या लेखातले गेम त्या जातीचे नाहीत, त्यांत पैज नसते. पण फुकटच्या आवृत्तीत जाहिराती असतात आणि जाहिरात कशाची लागेल ते मुलाच्या हाती नसतं. ‘जॉमेट्री डॅश’ची पूर्ण आवृत्ती एकदाच पैसे भरून घेता येते, ती घेणं मला अधिक बरं वाटतं. लखलखाटाचा त्रास होणाऱ्या, फिट येणाऱ्या मुलांना मात्र हा गेम देऊ नये.

तिसरी गोष्ट वेळेची. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये जे केलं ते बहुतेकांनी वाचलं असेल. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, घरोघरचे टीव्ही-मोबाईल बंद होतात आणि साडेआठच्या भोंग्यापर्यंत मुलं अभ्यास करतात. मला तो निर्णय पूर्ण पटतो. या लेखात गेमची बाजू घेतोय म्हणून त्या दीड तासाच्या विरोधात बोलायची गरज मला वाटत नाही. तालावरचा गेम एका बैठकीत वीस मिनिटांहून जास्त खेळून काही मिळतही नाही. कान थकला की मूल पुन्हा डोळ्यांवर जातं आणि उरते फक्त आपटाआपटी. उरलेल्या वेळात मुलाच्या हातात काय असावं, त्याचा विचार त्या भोंग्याइतकाच गांभीर्यानं व्हायला हवा.

आणि इथं एक सोय हाताशी आहे. ‘जॉमेट्री डॅश’च्या पूर्ण आवृत्तीत स्वतःची लेव्हल बांधता येते. गाणं चालू करायचं आणि ते वाजत असताना बोटानं ठेका देत जायचं. जिथं जिथं बोट पडलं तिथं तिथं रेषा उमटतात. मग त्या रेषांवर काटे, पायऱ्या, दारं मांडायची. हातावर ताल देणं हीच त्या बांधकामाची पहिली पायरी आहे. १९ डिसेंबर २०२३ ला आलेल्या मोठ्या सुधारणेनंतर त्यात डावी-उजवीकडे हवं तसं चालता येणाऱ्या लेव्हलही करता येतात, म्हणजे आता तो नुसता धावायचा गेम उरलेला नाही, पुरा प्लॅटफॉर्मर झाला आहे. ज्या शाळेत संगणक खोली आहे तिथं पैसे न मोजता ‘स्क्रॅच’ वापरता येईल. एमआयटीनं मुलांसाठी २००७ मध्ये खुलं केलेलं हे साधन; आपला आवाज ध्वनिमुद्रित करून त्यावर उडी मारणारी मांजर सातवीतलं मूल दोन-चार तासिकांत बनवतं.

तबल्याचा क्लास घेणाऱ्या आणि शाळांत लेझीम बसवणाऱ्या शिक्षकांना म्हणून माझी विनंती आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीत दोन-तीन मुलांना जवळ बसवा, फोनवर रूपकाचा ठेका ध्वनिमुद्रित करा आणि त्या सात मात्रांवर ‘स्क्रॅच’मध्ये एक लेव्हल त्यांच्याकडून बांधून घ्या. काटे कुठं मांडायचे ते त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं कळतं, आणि सम कुठं आहे ते तुम्हाला.